संगणकाच्या पेटींतील वाऱ्याची वाट

‘जालना, सोने का पालना’ ही दखनी वळणाची म्हण मराठवाड्यांत सर्वतोमुखी आहे, आणि कापूस, सरकी, बियाणें व लोखंड यांच्या व्यापारानें या शहरानें ती बऱ्याच अंशीं खरीहि करून दाखविली आहे. परंतु चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे हा सोन्याचा पाळणा किती तापतो, हें जालना, अंबड, परतूर किंवा भोकरदन येथें ज्यांचें वास्तव्य आहे त्यांस सांगावयास नको. छायेंतील पारा चाळीस-बेचाळीस अंशांवर जाऊन बसतो. वडील मंडळी खिडक्यांना ओले पडदे लावून माजघरांत पडून राहतात. मुलांना भर दुपारीं उंबरठ्याबाहेर पाऊल टाकूं देत नाहींत. माणसांची अशी काळजी घेणाऱ्या याच घरांत एक कष्टाळू गडी मात्र त्याच वेळीं भिंतीला पाठ लावून, लाकडी कपाटांत कोंडलेला, अंगावर भरतकामाचें आच्छादन पांघरून निमूटपणें राबत असतो. तो गडी म्हणजे घरचा संगणक होय.

एकत्र कुटुंबांत या एका यंत्रावर किती जणांचा भार असतो, याचा आपण क्वचितच हिशेब करतों. दुकानाचें जीएसटीचें विवरण त्यावर भरावयाचें, धाकट्या सूनबाईंची शिकवणी त्यावर चालावयाची, आजोबांचा निवृत्तिवेतनाचा कागद त्यांतून निघावयाचा, आणि लग्नांतील छायाचित्रांचा सगळा संग्रहहि त्याच्याच पोटांत. त्यांत प्रवेशपरीक्षांचे निकाल आणि प्रवेशाच्या फेऱ्या नेमक्या उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. अर्ज भरण्याची शेवटची दुपार असावी, बाहेर झळा लागत असाव्या, आणि यंत्रानें प्रथम मंदावावें, मग मोठ्यानें घरघरावें, आणि अखेर कांहीं न सांगतां बंद पडावें, हा अनुभव कित्येक घरांना परिचित असेल. मग घरांत पंचायत भरते. कोणी विजेला दोष देतो, कोणी ‘व्हायरस’ला, आणि दुरुस्तीस आलेला मनुष्य, ‘हें यंत्र आतां जुनें झालें, नवें घ्या’ असा निकाल देऊन मोकळा होतो. यंत्र खरोखरच निकामी झालें असेल तर प्रश्न निराळा. परंतु पुष्कळ वेळां त्याचा कांहींएक अपराध नसतो. पेटींत वारा शिरण्यास व तींतून बाहेर पडण्यास धड वाट नसते, इतकेंच. ती वाट कशी करून द्यावी, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम नांवाचा घोळ मिटवून घेऊं. ज्या उभ्या पेटीला घरांतील मंडळी ‘सीपीयू’ म्हणतात तिला दुकानदार ‘कॅबिनेट’ म्हणतो, आणि येथें दुकानदाराचें म्हणणें बरोबर आहे. सीपीयू अथवा प्रोसेसर हा त्या पेटींतील, काड्यापेटीहूनहि लहान असा एक चौकोनी तुकडा असतो. त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पत्र्यांची हीटसिंक आणि तिला जोडलेला स्वतःचा लहान पंखा असतो. याखेरीज पेटींत मदरबोर्ड, माहिती सांठविणारी तबकडी, वीज पुरविणारा ‘एसएमपीएस’ नांवाचा डबा आणि, चित्रांचें किंवा खेळांचें काम असल्यास, ग्राफिक्स कार्ड असतें. हीं सर्व मंडळी जी वीज घेतात ती जवळजवळ सगळीच्या सगळी शेवटीं उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतात. हिशेब लिहिण्यासारखें साधें काम चाललें असतां ही उष्णता साठ ते शंभर वॅट असेल. पण मोठें ग्राफिक्स कार्ड लावून चित्रफितींचें संपादन चाललें म्हणजे ती सहज तीनशे वॅटवर जाते. शंभर वॅटचे तीन जुने विजेचे दिवे एका पत्र्याच्या पेटींत पेटवून झाकण लावलें तर आंत काय होईल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

ही अडचण आजची नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं जो संगणक पुरा झाला, आणि ज्यास १९६२ सालीं ‘टिफ्रॅक’ हें नांव मिळालें, त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. आणि अशा नळींतील तार लाल होईपर्यंत तापविल्यावांचून ती नळी कामच देत नसे. नळ्या गेल्या, त्यांच्या जागीं नखाएवढ्या चकतीवर अब्जावधि ट्रान्झिस्टर आले. तरी तापण्याचा गुण गेला नाहीं. पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकांतील उष्णता वाहून नेण्यास वारा पुरेसा पडत नाहीं, म्हणून तेथें नळ्यांतून पाणी खेळवितात. आपल्या घरच्या पेटीला मात्र वारा पुरतो. तो योग्य वाटेनें मात्र गेला पाहिजे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण पुढील सर्व व्यवस्था त्यावर अवलंबून आहे. पंखा हवा थंड करीत नाहीं. छताच्या पंख्याखालीं आपणांस गार वाटतें तें घाम वाळतो म्हणून. संगणकाला घाम येत नाहीं. पेटींतील पंखा फक्त आंतली तापलेली हवा बाहेर लोटतो आणि खोलींतील हवा तिच्या जागीं आणतो. अर्थात् खोलींतील हवेहून पेटी कधींहि अधिक थंड होऊं शकत नाहीं. पौषांत खोली वीस अंशांवर असतां ज्या यंत्राचा प्रोसेसर पासष्ट अंशांवर सुखानें नांदत होता, तोच, त्याच कामाला, वैशाखांत बेचाळीस अंशांच्या खोलींत सत्त्यायशीवर जातो. खोलीचे बावीस अंश चढले कीं त्याचेहि साधारण तितकेच चढतात. पुष्कळशा प्रोसेसरांची मर्यादा नव्वद ते शंभर अंशांच्या दरम्यान बांधलेली असते. ती जवळ आली कीं प्रोसेसर स्वतःच आपली चाल मंद करतो, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर जीव वाचविण्यासाठीं यंत्र बंद करतो. ऐन अर्जाच्या वेळीं आपण ज्याला दगा म्हणतों तो वस्तुतः त्याचा आत्मरक्षणाचा उपाय असतो.

मग पंख्याच्या हातीं काय राहिलें? खोलीच्या तपमानावर पेटींत आणखी किती अंशांची भर पडावी, एवढेंच त्याच्या हातीं आहे. पण तेंच महत्त्वाचें आहे. थोडें गणित करूं. जालना समुद्रसपाटीपासून सुमारें पांचशे मीटर उंच, आणि हवा उन्हाळ्याची विरळ. अशा हवेचे मिनिटास साठ घनफूट, म्हणजे १.७ घनमीटर, पेटींतून गेले तर त्यांचें वजन सुमारें १.८ किलो भरेल. आणि तीनशे वॅट उष्णता तेवढ्या हवेनें उचलली तर ती दहा अंशांनीं तापेल. बेचाळीस अंशांची हवा आंत शिरून बावन्न अंशांची होऊन बाहेर पडेल. आतां समोरची जाळी धुळीनें अर्धी बुजली आणि वारा निम्मा झाला, तर भर वीस अंशांची पडते, आणि बाहेर पडणारी हवा बासष्टाची होते. प्रोसेसरला हींच बासष्ट अंशांची हवा ‘थंड’ म्हणून मिळते! जानेवारींत ही चूक खपून जाते. वैशाखांत यंत्रापाशीं शिल्लकच उरलेली नसते. तेथें दहा अंशांचा फरक म्हणजे चालणें आणि बंद पडणें यांतील फरक होय.

वाऱ्याला वाट कशी द्यावी, हें आपल्या जुन्या घरांच्या गवंड्यांना चांगलें ठाऊक होतें. स्वयंपाकघराला खालीं दार आणि वर धुराडें असलें म्हणजे चुलीचा धूर बिनबोभाट निघून जातो. धुराडें बुजवून खिडक्या कितीहि उघडल्या तरी धूर घरभर घुटमळतो. समोरासमोर दोन खिडक्या असल्या तर खोलींत वारा वाहतो. एकाच भिंतींत दोन असल्या तर त्या खिडक्या शोभेच्या. संगणकाच्या पेटीचें शास्त्र याहून फारसें निराळें नाहीं. एका बाजूनें हवा आंत यावी, तापणाऱ्या वस्तूंच्या अंगावरून जावी, आणि दुसऱ्या बाजूनें परत न येण्यासाठीं बाहेर पडावी.

एवढी साधी गोष्ट यंत्र बनविणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनाहि चांचपडतच सांपडली. आज बहुतेक पेट्या ज्या ‘एटीएक्स’ पद्धतीच्या असतात ती इंटेल कंपनीनें १९९५ सालीं पुढें आणली. तिच्या मूळ कल्पनेंत एसएमपीएसचा पंखा बाहेरची हवा आंत ओढून प्रोसेसरवर सोडीत असे. पण डब्यांतून येणारी ती हवा वाटेंतच तापलेली, आणि तिच्याबरोबर धूळहि आंत. पुढें तो पंखा उलटा, हवा बाहेर टाकणारा, असाच रूढ झाला. नंतर पेंटियम ४ च्या शेवटच्या पिढीचे प्रोसेसर शंभर वॅटच्याहि वर गेले, तेव्हां इंटेलनें २००४ सालीं ‘बीटीएक्स’ नांवाची नवी रचना काढली. तींत प्रोसेसर पेटीच्या अगदीं समोर, पंख्याच्या तोंडाशीं, आणि तेथून मागच्या भिंतीपर्यंत वाऱ्याचा सरळ बोगदा, अशी योजना होती. विचार उत्तम होता. परंतु सगळ्या बाजारानें आपल्या पेट्या बदलाव्या कोणासाठीं? दोन वर्षांत कमी तापणारे प्रोसेसर आले आणि ती रचना मागें पडली. आपल्या घरची पेटी त्यामुळें जुन्याच घाटाची राहिली, आणि तींत वाऱ्याची वाट आंखण्याचें काम पंखे बसविणाऱ्यावर येऊन पडलें.

आतां प्रत्यक्ष मांडणीकडे वळूं. पेटीची पुढची बाजू ही हवा घेण्याची, आणि मागची व वरची बाजू ती टाकण्याची. १२० मिलिमीटर व्यासाचे दोन पंखे पुढें, एक खालीं व एक त्यावर, आंत हवा घेणारे असे बसवावे. आणि त्याच मापाचा एक पंखा मागें, प्रोसेसरच्या पातळींत, बाहेर टाकणारा असावा. साध्या घरगुती यंत्राला याहून अधिक कांहीं लागत नाहीं. खालचा पंखा ग्राफिक्स कार्डाला व तबकडीला ताजी हवा पोंचवितो, वरचा प्रोसेसरला. आणि मागचा तापलेली हवा उचलून नेतो. प्रोसेसरची हीटसिंक उंच मनोऱ्यासारखी असेल तर तिचा पंखाहि मागच्या पंख्याकडे हवा लोटणारा पाहिजे. तो उलटा बसला तर दोन पंखे एकमेकांशीं भांडत राहतात आणि दोघांचीहि मेहनत फुकट जाते.

पेटीच्या माथ्यावर पंख्यासाठीं जागा दिसली कीं तेथेंहि पंखा बसवावा असें कोणासहि वाटतें. ‘गरम हवा वर जाते’ हें शाळेंत शिकलेलें वाक्य येथें हमखास ऐकूं येतें. तें खोटें नाहीं, पण दीड फूट उंचीच्या पेटींत त्या नैसर्गिक चढाचा जोर पंख्याच्या जोरापुढें अगदींच क्षीण असतो. माथ्यावर पंखा लावावयाचाच तर मागच्या अर्ध्या भागांत लावावा. पुढच्या अर्ध्या भागांत लावलेला पंखा समोरून नुकतीच आंत आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोंचण्याच्या आधींच उचलून बाहेर फेंकतो.

पंख्याचें तोंड कोणतें व पाठ कोणती, हें ओळखण्यास कठीण नाहीं. ज्या बाजूस मधली चकती आडव्या काड्यांनीं चौकटीला बांधलेली असते, त्या बाजूनें हवा बाहेर पडते. पातीं उघडीं दिसतात त्या बाजूनें आंत शिरते. कांहीं पंख्यांच्या चौकटीवर बाणहि कोरलेले असतात. तरीहि खात्री करावयाची असेल तर घरांत उदबत्ती असतेच. यंत्र चालूं असतां पेटलेली उदबत्ती पुढच्या जाळीसमोर चार बोटांवर धरावी. धुराची रेघ आंत ओढली गेली पाहिजे. मग ती मागें धरावी. धूर पेटीपासून दूर फेंकला गेला पाहिजे. मागें सोडलेला धूर वळून एखाद्या फटींतून पुन्हां आंत शिरतांना दिसला, तर तीच आपली चूक होय: तापलेली हवा पुन्हां पुन्हां आंत येत आहे. ही परीक्षा एक-दोन मिनिटांत आटोपावी, आणि राख जाळीवर पडूं देऊं नये.

पुढें दोन आणि मागें एक, हें प्रमाण सहज म्हणून सांगितलेलें नाहीं. आंत येणारी हवा बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेहून थोडी अधिक असली म्हणजे पेटींत किंचित् दाब राहतो, आणि प्रत्येक फटींतून हवा बाहेर पडूं पाहते. उलट बाहेर टाकणारे पंखे अधिक झाले तर पेटी मिळेल त्या फटींतून हवा ओढूं लागते, आणि फटींना कांहीं जाळी नसते. ज्या गांवीं हवा स्वच्छ तेथें या फरकाचें फारसें मोल नाहीं. जालन्यांत तें आहे. काळ्या जमिनीची उन्हाळी धूळ येथें आहेच. शिवाय लोखंडाच्या भट्ट्या व रोलिंग मिलच्या परिसरांत काजळीसारखी सूक्ष्म काळी भुकटी उडते, आणि दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतु हवेंत तरंगत असतात. हे तंतु सर्वांत वाईट. नुसती माती पात्यांवर बसते. पण तंतूंत मिसळलेली माती हीटसिंकच्या बारीक फटींत अक्षरशः नमद्यासारखी थापली जाते, आणि वरून पंखा गरगर फिरत असतांहि खालीं वाऱ्याचा लवलेश पोंचत नाहीं. बाहेरून पाहणाऱ्याला सर्व ठाकठीक दिसतें.

यास्तव पुढच्या पंख्यांसमोर काढतां घालतां येणारी बारीक जाळी अवश्य असावी. जाळीमुळें वारा कांहींसा अडतो, म्हणून तर पुढें एकाऐवजीं दोन पंखे. शिवाय दोन पंखे सावकाश फिरविणें हें एक पंखा वेगानें फिरविण्याहून केव्हांहि चांगलें. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण त्याला लागणारी वीज आठव्या हिश्शावर येते आणि आवाज तर फारच उतरतो. आवाजाची गोष्ट क्षुल्लक मानूं नये. ज्या खोलींत एक मुलगा अभ्यास करतो आणि पलीकडे आजी निजलेली असते, तेथें घरघरणाऱ्या यंत्राचा पंखा कोणीतरी एके दिवशीं तार उपटून बंद करणार, हें ठरलेलें. चार तारांचा पंखा घेतल्यास मदरबोर्ड त्याचा वेग उष्णतेप्रमाणें आपोआप कमी-अधिक करतो. त्यासाठीं चार पैसे अधिक मोजावे.

बाजाराविषयीं दोन शब्द सांगणें भाग आहे. हल्लीं रंगीबेरंगी दिवे लावलेले सहा-सहा पंखे आणि पुढें सबंध कांच, अशा पेट्यांची तरुणांना फार भुरळ पडते. पुढच्या कांचेतून वारा जात नाहीं, ही गोष्ट विक्रेता सांगत नाहीं. अशा पेटींत सहाहि पंखे बाजूच्या बोटभर फटींतून श्वास घेतात आणि मिळून दोन पंख्यांचें काम करतात. दिवाळीची रोषणाई अंगणांत शोभते. पेटी घेतांना मात्र पुढून उजेड दाखवून आरपार जाळी दिसते कीं नाहीं तें पाहावें.

पेटीच्या आंत सर्व कांहीं यथास्थित केलें आणि ती पेटीच चुकीच्या जागीं ठेविली, तर श्रम वायां जातात. आमच्या मतें अर्धा दोष जागेचाच असतो. संगणकाच्या टेबलाला पेटीसाठीं जो बंद कप्पा केलेला असतो तो पाहून सुताराच्या कसबाचें कौतुक वाटतें, पण त्या कप्प्याला पाठीमागें फळी व पुढें दार असलें तर तो संगणकाचा कोंडवाडा होय. पंखा टाकलेली हवा त्यांतच फिरते आणि पुढून पुन्हां आंत जाते. घटकेभरांत कप्प्यांतील हवा खोलीहून कितीतरी तापते. मागची फळी काढून टाकावी, पुढचें दार चालूं असतां उघडें ठेवावें, आणि पेटीच्या पाठीमागें भिंतीपर्यंत वीतभर अंतर राखावें. पश्चिमेच्या भिंतीशीं तर ती मुळींच ठेवूं नये. दुपारनंतर ती भिंत रात्रीपर्यंत तव्यासारखी असते. आच्छादनाचें म्हणाल तर मुलींनीं प्रेमानें भरलेलें कापड यंत्र बंद झाल्यावर, तें निवल्यावर, जरूर घालावें. धूळ वारण्यास तें उत्तमच आहे. चालूं यंत्रावर तें नको.

पेटी जमिनीवर ठेवण्याची चाल तर सर्वत्र आहे. नव्या पेट्यांत एसएमपीएस तळाशीं असतो आणि तो खालून हवा घेतो. सतरंजीवर किंवा गालिच्यावर पेटी बसली म्हणजे त्याचें नाकच दाबलें जातें. शिवाय केरसुणीनें उडालेली सगळी धूळ प्रथम तेथेंच पोंचते. घरांत जुना चौरंग पडलेला असतो, त्यावर पेटी ठेवावी. चौरंगाची फळी खालच्या जाळीला टेकणार नाहीं, इतके पेटीचे पाय उंच आहेत ना, तें पाहावें.

कूलरविषयीं नेहमीं विचारलें जातें. कोरड्या उन्हाळ्यांत कूलर खोलीचें तपमान बरेंच उतरवितो, आणि खोली जितकी उतरेल तितकाच प्रोसेसरहि उतरतो, म्हणून त्याचा लाभ निश्चित आहे. परंतु कूलरचा झोत थेट पेटीवर घेऊं नये. झोताबरोबर सूक्ष्म तुषार येतात, आणि मराठवाड्यांतील बोअरचें पाणी जड. कूलरच्या ताट्यांवर जी पांढरी खरी सांचते तीच मग यंत्राच्या आंत बसते. कूलरला हवा बाहेर जाण्यासाठीं समोरची खिडकी उघडी लागते. पेटी त्या दोहोंच्या सरळ रेषेंतून बाजूस असावी. मृग लागून हवा ओलसर झाली कीं कूलरचा उपयोगहि संपतो, आणि यंत्राला त्याची गरजहि तितकी राहत नाहीं.

पेटीचें कडेचें झाकण काढून समोर टेबलफॅन लावण्याचा उपाय अनेक दुकानांतून व घरांतून दिसतो. वेळ मारून नेण्यास तो वाईट नाहीं. पारा उतरतो हें खरें. पण उघड्या पेटींत धुळीबरोबर पाल शिरते, उंदीर तारा कुरतडतो, आणि रांगणारें मूल बोट घालतें. कायमची व्यवस्था म्हणून तो त्याज्यच समजावा. निदानासाठीं मात्र तो फार उपयोगी आहे. प्रोसेसरचें तपमान दाखविणारे लहान प्रोग्रॅम फुकट मिळतात. एखादें जड काम लावून अर्ध्या तासानें आंकडा पाहावा. मग झाकण काढून, टेबलफॅन न लावतां, तेंच काम पुन्हां अर्धा तास चालूं ठेवून पाहावा. झाकण काढतांच आंकडा पुष्कळ उतरला, तर दोष पेटीच्या वाटेचा: पंखे कमी, उलटे, किंवा जाळी बुजलेली. फारसा उतरला नाहीं, तर दोष प्रोसेसरच्या माथ्यावरच आहे: हीटसिंकमध्यें नमदा बसला आहे, ती सैल झाली आहे, किंवा प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधील थर्मल पेस्ट वाळून गेली आहे. ती पेस्ट कांहीं वर्षांनीं पुसून नवी लावावी लागते, आणि तिला येणारा खर्च नव्या यंत्राच्या मानानें नगण्य असतो. दुरुस्तीवाल्यास बोलावण्यापूर्वीं हे दोन आंकडे टिपून ठेवले, तर ‘नवें घ्या’ हा निकाल ऐकतांना आपल्याजवळहि दोन प्रश्न विचारण्यापुरतें ज्ञान असतें.

राहिली सफाई. जालन्याच्या हवेंत वर्षांतून दोन वेळां ती झालीच पाहिजे. पहिली गुढीपाडव्याच्या सुमारास: कापसाचा हंगाम तोंवर सरत आलेला असतो आणि उन्हाळ्याची खरी धग पुढें असते. दुसरी खंडेनवमीस, कारण त्या दिवशीं घरांतील शस्त्रें, अवजारें व यंत्रें पुसूनपासून पूजेला मांडण्याची चाल आपल्याकडे आहेच, आणि संगणकालाहि आतां त्या रांगेंत स्थान मिळालें आहे. यंत्र बंद करून, वीजेची तार काढून, पेटी अंगणांत किंवा गच्चीवर न्यावी. मऊ कुंचल्यानें आधीं सुटी धूळ झाडावी, मग ब्लोअरनें हीटसिंकच्या फटी आणि एसएमपीएसची जाळी फुंकून काढावी. फुंकतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं. तीं वाऱ्यानें बेफाम फिरूं दिलीं तर पंख्याचा आंस बिघडतो आणि उलट वीज उत्पन्न होऊन मदरबोर्डास इजा पोंचूं शकते. एसएमपीएसचा डबा घरीं उघडूं नये; वीज काढल्यावरहि त्याच्या आंत कांहीं काळ धक्का देण्याइतकी वीज उरलेली असते. पुढची जाळी पाण्यानें धुतली तर ती खडखडीत वाळेपर्यंत परत लावूं नये. ओलें फडकें आंत कोठेंहि नको.

पूजेच्या वेळीं हळदकुंकू पेटीच्या पत्र्याला बोटानें लावावें, उधळूं नये. अक्षता मात्र माथ्यावरील जाळीवर न टाकतां समोर पाटावर वाहाव्या. तांदुळाचा एक दाणा आंत पडून पात्यांत अडकला, तर पंखा टकटक वाजत राहतो, आणि तो दाणा काढण्यासाठीं पुसून ठेवलेली पेटी पुन्हां उघडावी लागते.